कडककाकांचा नंबर

कडककाका हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. त्यांनी खळ घातलेला सदरा टेबलावर उभा केला तर उभाच राहायचा. स्वतः काका मात्र मेणाहून मऊ. एखादं गिऱ्हाईक खुशाल ठोकून द्यायचं, "माझी एक पँट तुमच्याकडेच राहिली," आणि हे बापडे अर्धा दिवस कपाटं उपसत बसायचे. पँट गिऱ्हाइकाच्याच घरी सापडायची, तरी वर "बरं झालं सापडली" म्हणून आनंद यांनाच.

दुकान म्हणजे रस्त्याच्या वळणावरची एक खोली. मध्ये लांब टेबल, त्यावर जाड कांबळ्याच्या घड्या, वर तपकिरी डागांची जुनी चादर. मागच्या दाराने गेलं की घर. काकू कपडे मोजून घ्यायच्या, काका इस्त्री फिरवायचे. आणि काकांची इस्त्री कपड्यांवर थांबत नसे. चुरगळलेलं काही दिसलं की त्यांना चैन पडत नसे. सकाळचं वर्तमानपत्र, विजेचं बिल, मुलीच्या शाळेचे निकाल, सगळं त्यांच्या इस्त्रीखालून गेलेलं. मुलगी लहानपणी म्हणायची, "आमच्या घरात नापास झालं तरी कागद मात्र सरळ असतो."

या सगळ्यात एकच काटा होता आणि तो काकांनी कोणालाही दाखवला नव्हता. दुकान काढलं तेव्हा ते कुठल्याही कचेरीत गेले नव्हते. खोली मिळाली, इस्त्री आणली, दार उघडलं, झालं दुकान सुरू. पुढे एकदा समोरच्या वाण्याकडे करखात्याची माणसं आली, वह्यांचा गठ्ठा घेऊन गेली, आणि तो वाणी कित्येक दिवस धड जेवला नाही. ते बघितलं आणि काकांच्या डोक्यात किडा शिरला. धंद्याला कराचा नंबर लागतो म्हणे. आपल्याकडे कुठे आहे? आणि आता मागायला गेलो, तर पहिला प्रश्न हाच येणार, की इतकी वर्षं कुठे होता?

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं. काखेत फाइल धरलेला माणूस वळणावर दिसला, की काका टेबलाखाली वाकून न पडलेलं बटण शोधायचे. वसतिगृहाच्या चादरींचं मोठं काम चालून आलं, तर "पाठ दुखते" म्हणून परत पाठवलं. काम मोठं झालं की माणूस नजरेत येतो. त्यापेक्षा लहान राहावं, गुपचूप राहावं. अशाने धंदा कसा वाढणार? नाहीच वाढला. त्यात लोक इस्त्री न लागणारे सदरे घालू लागले. दोरीवरचे कपडे निम्म्यावर आले.

तेव्हा मुलगी नोकरी सोडून दुकानात आली. हिला सगळ्या गोष्टींची घाई. तिने आल्या आल्या कपडे धुण्याचं मोठं यंत्र बसवलं आणि पुढच्या चौकातल्या नर्सिंग होमच्या मेट्रनबाईंना जाऊन भेटली. बाई कडक, पण मोकळ्या. म्हणाल्या, "चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं तुम्हाला देते. फक्त कराचा नंबर हवा. आमचा जुना माणूस महिनाअखेर सोडतोय. त्याच्या आत नंबर आणा, नाहीतर मला दुसरा बघावा लागेल."

मुलगी नाचतच घरी आली. काकांच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"नंबरबिंबर कशाला उगाच?" ते म्हणाले. "आपलं चाललंय ते बरं चाललंय."

"कुठे चाललंय बाबा? त्या यंत्राला दिवसभर काम नाहीये. मी नोकरी सोडलीय, हे लक्षात आहे ना तुमच्या?"

"शहाण्यानं कचेरीची पायरी चढू नये."

"ते कोर्टाचं आहे. आणि कर नाही त्याला डर कशाला?"

"कर आहे, म्हणूनच तर डर," काका पुटपुटले. मुलगी हसली. तिला वाटलं बाबा विनोद करतायत.

अर्ज तिनेच भरला. काकांना एकेक विचारत गेली, ते एकेक सांगत गेले. 'व्यवसाय कधी सुरू केला?' या प्रश्नावर मात्र काकांना अचानक कोणाचा तरी कोट आठवला आणि ते दुकानात पळाले. रकाना कोराच राहिला. मुलगी तसाच अर्ज कचेरीत देऊन आली. येताना पावती आणली आणि निरोपही. एक रकाना राहिलाय. मालकांनी स्वतः ही पावती घेऊन यावं आणि तारीख सांगावी, मग लगेच नंबर मिळेल. महिना संपायला आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करून, स्वतःच्या हातची इस्त्री केलेला सदरा घालून तयार झाले. खिशातून पावती काढली. पातळ, गुळगुळीत कागदाची, गुंडाळी झालेली. असला वाकडातिकडा कागद साहेबासमोर कसा ठेवायचा? इस्त्री गरमच होती. काकांनी पावती चादरीवर ठेवली, वरून हलका हात फिरवला, आणि इस्त्री उचलून बघतात तर काय, पावती काळीठिक्कर. एक अक्षर दिसेना. जळल्याचा वासही नाही. बसच्या तिकिटासारखा तो कागद शाईने नव्हे, उष्णतेनेच छापलेला होता. इस्त्री लागताच सगळाच छापला गेला.

"अगं!" काकांनी हाक मारली, ती काकू आणि मुलगी दोघींनाही ऐकू गेली. दोघी धावत आल्या. काकूंनी पावतीकडे पाहिलं, मग काकांकडे.

"अहो, सरकारी कागदाला कोणी इस्त्री करतं का?"

"नीट दिसावी म्हणून केली गं."

मुलगी कपाळाला हात लावून उभी राहिली. काकांचा चेहरा बघून तिच्याच्याने रागावणंही झालं नाही. "चला," ती म्हणाली. "काळी तर काळी. मी येते बरोबर."

कचेरीत पंखे फिरत होते आणि लोक बाकांवर बसून खिडकी रिकामी व्हायची वाट बघत होते. काकांची पाचावर धारण बसली होती. पाळी आली तेव्हा मुलीने त्यांना कोपराला धरून उठवलं. खिडकीत एक चष्मेवाली कारकून बाई होती. काकांनी काळा कागद पुढे सरकवला.

"हे काय आहे काका?"

"पावती."

"कसली?"

"तुमचीच. जरा..." काकांनी कागदाचं टोक बोटाने सरळ केलं. "जरा इस्त्री केली."

बाईंनी चष्मा वर केला. शेजारच्या खिडकीतला कारकून मान लांब करून बघू लागला. मग बाई अशा हसल्या की मागच्या टेबलावरचे साहेब कप हातात घेऊन उठून आले. पावती हातोहात फिरली. "पावत्या भिजलेल्या आल्या, फाटलेल्या आल्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "एकीला तर बाळाने चावलं होतं. पण इस्त्री? ही पहिलीच! बसा काका, घाबरू नका. तुमच्या फोन नंबरावरून काढते अर्ज."

अर्ज निघाला. पावतीचं विघ्न टळलं, पण काकांना खऱ्या विघ्नाची धास्ती होती आणि ते आलंच.

"हं, हा रकाना. व्यवसाय कधीपासून?"

काकांनी रात्रभर उत्तर पाठ केलं होतं, 'याच महिन्यापासून.' दोनच शब्द. तोंड उघडलं, पण शेजारी मुलगी बसली होती. तिचं सगळं बालपण त्या टेबलाखाली गेलेलं. तिच्यासमोर ते दुकान कालचं आहे म्हणून सांगायला जीभ वळेना.

"ही जन्मली त्या वर्षीपासून," ते म्हणाले, आणि डोळे मिटून बसले.

बाईंनी मुलीकडे पाहिलं, मुलीने वर्ष सांगितलं, बोटं खटखट वाजली. "पुढे. महिन्याला साधारण काय सुटतं?"

काकांनी एक डोळा उघडला. आकडा सांगितला. मग राहवेना म्हणून स्वतःच विचारलं, "आणि मागचं? इतक्या वर्षांचा दंड?"

"कसला दंड?"

"नंबर न घेता धंदा केला त्याचा."

बाई थांबल्या. आता त्या हसत नव्हत्या. "काका, तुमच्याएवढ्या कमाईला नंबर घ्यावाच लागत नव्हता. कर भरण्याइतकी कमाई तुमची कधी झालीच नाही. आता संस्थेचं काम घेताय, म्हणून नंबर लागतोय. मागचं काहीही नाही."

"काहीच नाही?"

"एक छदामही नाही."

"पण तो वाणी..." काका म्हणाले. वाण्याचं दुकान केवढं आणि आपलं केवढं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. जीव भांड्यात पडला तो इतक्या वरून पडला, की त्यांना पाणी मागावं लागलं. साहेबांनीच आणून दिलं. मुलगी बापाकडे बघत राहिली. वाकून शोधलेली बटणं, परत पाठवलेल्या चादरी, अर्ज सोडून दुकानात पळणं, सगळ्याचा अर्थ तिला तिथे खिडकीपुढे लागला.

"बाबा, तुम्ही याला घाबरत होतात?" तिने हळूच विचारलं. "मला सांगायचं तरी."

"तू लहान होतीस."

"आत्ताआत्तापर्यंत?"

तेवढ्यात बाईंनी छापील कागद पुढे केला. वर नंबर, खाली काकांचं नाव, आणि त्याखाली व्यवसाय सुरू झाल्याचं वर्ष, स्पष्ट अक्षरांत. काकांनी ते वर्ष पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या सरकारपासून आपण लपतोय असं त्यांना वाटत होतं, त्याच सरकारने लिहून दिलं होतं की हा माणूस तेव्हापासून इथे काम करतोय. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "आणि काका," बाई म्हणाल्या, "याला इस्त्री नको हं."

वाटेत मुलीने नर्सिंग होममध्ये कागद दाखवला. मेट्रनबाईंनी नंबर उतरवून घेतला आणि म्हणाल्या, "उद्यापासून गाडी पाठवते."

घरी काकू उंबऱ्यातच उभ्या होत्या. काकांनी सगळं सांगितलं. अगदी सगळं, भीतीसकट. सांगताना बायकोकडे बघवेना. हिच्या वाट्याला हातातोंडाची गाठ घालण्याचं आयुष्य आलं, ते आपल्या या येड्या भीतीपायी. आता ही बोलेल, आणि बोलू दे, तिचा हक्कच आहे, असं म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले.

काकू स्टुलावर बसल्या, पदर तोंडाला लावला, आणि थोड्या वेळाने कळलं की त्या रडता रडता हसतायत.

"अहो, मलाही तेच वाटायचं! वाण्याकडे माणसं आली तेव्हापासून. म्हटलं यांना ठाऊक नाही तेच बरं, उगाच हाय खातील. तुम्ही वसतिगृहाचं काम परत पाठवलंत, तेव्हा मी मनातल्या मनात सुटले म्हटलं."

"तू घाबरायचीस?"

"रोज."

एका छपराखाली, एकाच भीतीला, दोघांनी दोन बाजूंनी पांघरूण घातलं होतं. मुलगी म्हणाली, "धन्य आहे तुमची!" आणि यंत्राची टोपली रिकामी करायला आत गेली, पण जाताना दोघांच्या पाठीवर एकेक हात ठेवून गेली.

या घरात कपड्यांचा आकडा नेहमी हळू आवाजात सांगितला जायचा. गिऱ्हाइकांना ती काकूंची रीत वाटायची. आता काकूंनी डोळे पुसले आणि विचारलं, "उद्या चादरी किती येणार म्हणाल्या बाई?"

"शंभर!" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की रस्त्यावरून जाणारे दोघे जण वळून बघायला लागले.

"किती?" काकूंना नीट ऐकू आलं होतं, तरी त्यांनी पुन्हा विचारलं.