कार्मेनबाईंचं शटर

स्पेनमध्ये सेव्हिलला मुलीकडे राहिले होते तेव्हाची गोष्ट. तिथल्या खिडक्यांना बाहेरून गुंडाळतं शटर असतं. समोरच्या घरात ऐंशीच्या कार्मेनबाई एकट्या राहायच्या. रोज नऊला त्या शटर वर ओढत, मला हात करत आणि खालच्या कॅफेत कॉफीला उतरत.

एके दिवशी साडेदहा वाजले तरी शटर खालीच. मुलगी कामावर गेलेली, मला भाषा येत नाही. झोपल्या असतील, असं स्वतःला तीनदा समजावलं. शेवटी चपला घालून खाली गेले.

कॅफेवाला पाकोही रस्त्यात उभा राहून वरच बघत होता. मी बोटाने शटर दाखवलं. त्याने आतून किल्ल्यांचा जुडगा आणला. अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. आम्ही धावत जिना चढलो.

"कार्मेन!" दार उघडून त्याने हाक मारली. मग न्हाणीघरातून क्षीण आवाज आला. बाई फरशीवर पडल्या होत्या. पाकोने अँब्युलन्स बोलावली. मी त्यांचा गार हात धरून खाली बसले. त्या काही पुटपुटल्या.

पाकोने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "म्हणतायत, कॉफीला आले नाही म्हणजे तुम्ही येणारच, हे ठाऊक होतं."

पुण्याला परतल्यावर मी शेजारच्या जोशीबाईंची बेल वाजवली. दहा वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

"आमची एक किल्ली ठेवाल का तुमच्याकडे?"

"कुठे बाहेरगावी चाललात?"

"नाही हो," मी म्हटलं. "इथेच आहे."