परत न आलेली तीन पत्रं

मी तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं आणि तीस वर्षांत एकाही वहीला लाल शाई लागू दिली नाही. निळ्याने तपासायचे. मुख्याध्यापिका एकदा बोलल्या, मग त्यांनीही नाद सोडला. धड्यात ‘अँग्विश’ हा शब्द आला की ‘तीव्र मनोवेदना’ एवढं सांगून मी पुढच्या ओळीवर जायचे. एखादी चुणचुणीत पोरगी म्हणायची, बाई, वाक्यात वापरून दाखवा ना. तिला मी सांगायचे, डिक्शनरीत बघ. शिक्षिकेला शोभणारं उत्तर नव्हे हे, मला कळतं. पण तो शब्द वाक्यात वापरायची माझी हौस सतराव्या वर्षीच फिटली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सोलापुरात खाली अप्पांचं भुसार मालाचं दुकान आणि वर आमचं घर. अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडी बोलायचं, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि इंग्रजीशी संबंध फक्त माझा, कारण मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. थोरल्या बहिणीला, अक्काला, सातवीनंतर शाळेतून काढलं आणि पुढं अक्कलकोटला दिलं. तिचे यजमान, आमचे दाजी, तिथल्या एका हायस्कूलात इंग्रजी शिकवायचे. जावई मास्तर मिळाला म्हणून अप्पा दुकानात येईल त्याला सांगत. दाजी आले की घरातली एकुलती खुर्ची त्यांची.

पहिल्या दिवाळसणाला आले तेव्हा त्यांनी मला एक शिस्त लावून दिली. दर शनिवारी मी त्यांना इंग्रजीतून पत्र लिहायचं. फुलस्केप कागद उभा दुमडायचा, डाव्या अर्ध्या भागात मी लिहायचं, उजवा भाग कोरा सोडायचा. त्या कोऱ्या भागात दाजी लाल शाईने माझ्या चुका दुरुस्त करायचे आणि तोच कागद पुढच्या आठवड्यात पोस्टाने परत यायचा. खाली शेरा असायचा. बहुतेकदा ‘फेअर’, कधी ‘गुड’. ‘व्हेरी गुड’ मला दोनदाच मिळालं. ते दोन कागद मी पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली ठेवले होते. माझ्या शिक्षणाची एवढी फिकीर तोवर कुणी केली नव्हती. दाजींसाठी मी कुणाशीही भांडले असते.

अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला आणि दोन दिवसांनी गेला. तिसऱ्या दिवशी दाजी एसटीने आले, दारातूनच अक्काकडं बघितलं, खुर्चीवर बसून चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले. आमच्यात बाळंतिणीला बाळासकट, पाळण्यासकट सासरी पोचवायची रीत. बाळच नाही तर आपण पोचवायची की त्यांनी न्यायला यायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडून कुणीतरी येईल म्हणून अप्पा थांबले. तिकडची माणसं आमची वाट बघत असतील, हे अप्पांच्या डोक्यात आलं नाही. असे तीन महिने गेले.

एका दुपारी आम्ही दोघी चटणीसाठी शेंगा सोलत होतो. अक्का महिनोन्‌महिने धड बोललीच नव्हती. त्या दिवशी टरफलांकडं बघत एकदम म्हणाली, “मला तितं जाऊ वाटंना गं. त्या घरात पाळण्याची कडी हाय. ती बगून मी कशी ऱ्हाऊ?” थोडं रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, कुणाला सांगू नकोस, चार दिवसांत माझं मीच सावरीन.

मी सांगितलं. त्याच शनिवारी. दाजींना कळायला हवं असं मला मनापासून वाटलं, हे खरं. ते धावत येतील आणि तिची समजूत काढतील अशी चित्रं मी रंगवली होती. पण दुसरंही तितकंच खरं आहे आणि ते लपवून मी चांगली होणार नाही. त्याच आठवड्यात मी डिक्शनरीतून ‘अँग्विश’ शोधून काढला होता आणि तो वापरायला माझे हात शिवशिवत होते. माझी बहीण फार अँग्विशमध्ये आहे, तिला त्या घरी परत जायचं नाही, असं मी लिहिलं. पाळण्याच्या कडीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला येईना, म्हणून ते वाक्य गाळलं.

ते पत्र परत आलं नाही. नुसतं पोस्टकार्ड आलं. भाषा सुधारते आहे, अक्काच्या मनःस्थितीवर आणखी सविस्तर लिही, ती कुणाला काय म्हणाली तेही लिही, वर्णनाचा सराव होईल. मी आणखी दोन पत्रं लिहिली, चांगली दोन-दोन पानी. तीही परत आली नाहीत. आणि मी काय समजावं? या पत्रांत चूकच सापडली नसणार, म्हणून दाजींनी ती जपून ठेवली असणार! पंधरा दिवस मी घरात मिरवत होते.

इकडं अक्का खरोखरच सावरली. एके दिवशी तिनं न्हाऊन केस विंचरले आणि अप्पांना स्वतःच म्हणाली, मला पोचवून या. रीतीचं बघत बसलो तर म्हातारी होईन मी. अप्पांनी सोमवार धरला. अव्वानं शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्या बांधायला काढल्या. अक्काची ट्रंक भरून दाराशी ठेवली होती.

शनिवारी अक्काच्या नावाने रजिस्टर पाकीट आलं. वकिलाचा कागद, सगळा इंग्रजीत. अप्पांनी दुकानात नोकराला बसवलं, वर आले आणि मला म्हणाले, “वाच.” त्या आवाजात कौतुक होतं, अजून ऐकू येतं मला ते. लेकीला शिकवल्याचं आज चीज होणार होतं.

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. बायको कारण नसताना माहेरी राहिली आहे. परत नांदायला तिची तयारी नाही. त्यामुळं आमच्या अशिलाला अँग्विश भोगावा लागला आहे. सबब ते कोर्टात जाऊन फारकत मागणार आहेत. परत यायचं नाही असं ती स्वतः बोलल्याचा लेखी पुरावा सोबत जोडला आहे.

सोबत तीन टाइप केलेले कागद होते. माझी पत्रं. खाली माझं नाव. पहिल्या पत्राच्या दुसऱ्या ओळीत माझी एक ढोबळ चूक होती, ती तशीच टाइप केलेली. त्या माणसानं माझी चूक दुरुस्त न करता सोडण्याची ही पहिलीच वेळ. माझ्या सतराव्या वर्षाचा, माझ्या विश्वासाचा त्यानं असा वापर केला होता, आणि मी त्याला खुर्ची पुसून देत आले होते. तो राग आजही माझा उतरलेला नाही. उतरावा असं वाटतही नाही.

अप्पांनी विचारलं, आणि हे मागचे कागद? मी म्हणाले, नकला आहेत. कसल्या ते सांगितलं नाही.

अक्कानं ते कागद माझ्या हातातून घेतले. तिला इंग्रजी अक्षरं लागत होती, माझं नावही वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं तिला. बराच वेळ ती त्या कागदांवरून बोट फिरवत राहिली. मग तिनं वकिलाच्या कागदावर एके ठिकाणी बोट ठेवलं आणि माझ्या पत्रात एके ठिकाणी.

“ह्यो शब्द दोन्हीकडं हाय. काय हाय त्यो?”

“काळीज पिळवटून निघावं असं दुःख,” मी म्हणाले.

“मंग हे माझं हाय की,” अक्का म्हणाली. “त्यांच्या कागदात कुटनं गेलं?”

अप्पा माझ्याकडं बघत होते. अव्वा भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी दारात उभी होती. मी दिलं, मी लिहून दिलं, असं मी म्हणाले. अक्का ट्रंकेपाशी गेली, कडी काढली आणि एकेक लुगडं बाहेर काढून परत दांडीवर टाकू लागली.

अप्पा सोमवारी एकटेच अक्कलकोटला गेले आणि मान खाली घालून आले. चार शहाणे मध्ये पडले, पण त्या माणसाचं आधीच ठरलं होतं. वर्षभरात फारकत झाली आणि पाठोपाठ त्याचं दुसरं लग्नही. अक्का जन्मभर आमच्याकडं राहिली. माझी कॉलेजची वर्षं तिनंच निभावून नेली, पहाटे उठून डबा दिला, मला नोकरी लागली तेव्हा गल्लीत पेढे वाटले. त्या पत्रांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मला वाटलं, तिनं माफ केलं.

अव्वा गेली तेव्हा आम्ही दोघीही चाळिशी ओलांडलेल्या होतो. दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. मी परीक्षेच्या वह्या घेऊन बसले होते आणि अक्का समोर भिंतीला टेकून बसली होती. त्या सगळ्या दिवसांत ती रडली नव्हती. मी विचारलं, “अक्का, तुला काय वाटतंय? बोल की माझ्यापाशी.”

तिनं आधी माझ्या हातातल्या पेनकडं बघितलं.

“काय न्हाय,” ती म्हणाली. “बरं हाय.”