डॅनीकाकांचा ग्लव्ह

आमच्या बेसबॉल टीमचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो. मॅचेस आम्ही फारशा जिंकत नाही, किस्से मात्र साचत जातात. टीम म्हणजे सिटीवेस्टचे आम्ही आयटीवाले, वॉटरफोर्डहून गाडी हाणत येणारा डॉक्टर शिरीष आणि आमचे कोच डॅनीकाका. काका अमेरिकेत व्यावसायिक आउटफिल्डर होते, म्हणजे मैदानाच्या पार टोकाला उभं राहून उंच झेल घेणारे. निवृत्त झाल्यावर आपल्या आयरिश आईच्या गावी, इथे मेनूथजवळ येऊन राहिले.

*

पहिल्याच प्रॅक्टिसला मी बॉल टोलवला आणि बॅट घेऊनच पळत सुटलो. बेसवर पोचून क्रिकेटसारखी टेकवलीसुद्धा. काका शांतपणे म्हणाले, "ती तिथेच टाकायची असते. कुणी चोरणार नाही."

*

शिरीषची खोड वेगळी. बॉल वर गेला की हा ग्लव्ह भिरकावून देणार आणि दोन्ही हातांची ओंजळ करणार. मिरजेत क्रिकेट खेळायचा तेव्हापासूनची सवय. तळवे लालबुंद!

काका वैतागायचे, "ग्लव्ह काय शोभेला दिलाय?"

"काका, ग्लव्हमध्ये बॉल हाताला लागल्यासारखा वाटतच नाही हो."

*

माझी आई नागपूरहून आली होती तेव्हा शाल पांघरून मैदानावर बसायची. एकदा म्हणाली, "हा बुवा सारखा आभायाकडे काऊन पाह्यते रे?"

काका सारखे आभाळाकडे का बघतात, हा तिचा प्रश्न मी त्यांना इंग्रजीत सांगितला. काका हसले. मग म्हणाले, व्यावसायिक मॅचमधला त्यांचा शेवटचा झेल ग्लव्हमधून निसटला होता. त्यानंतर ते मॅचला कधी उभे राहिले नाहीत. "माझ्यासाठी तो बॉल अजून वरच आहे."

मी ते आईला सांगितलं. तिने डब्यातला लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

*

मग जूनमधली ती मॅच. शिरीष ड्युटीवर अडकला, एक माणूस कमी. काका ग्लव्ह घालून त्याच्या जागी, पार टोकाला जाऊन उभे राहिले. संध्याकाळ संपायलाच तयार नव्हती. कुंपणापलीकडे मेंढ्या चरत होत्या, गवतावर पिवळा उजेड पसरला होता. आम्ही एका रनने पुढे होतो आणि समोरच्यांचा शेवटचा खेळाडू बाद व्हायचा होता.

बॉल उडाला. इतका उंच की तो परत यायचं विसरला असं वाटलं. हाही सुटला तर काका मैदानाकडे पुन्हा फिरकणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

काका वर बघत मागे मागे गेले. बघता बघता त्यांनी ग्लव्ह काढला, गवतात टाकला आणि दोन्ही हातांची ओंजळ धरली.

त्या संध्याकाळी शिरीषच्या फोनवर दोन लालबुंद तळव्यांचा फोटो गेला. खाली काकांनी एवढंच लिहिलं होतं, "ग्रँड."