बॅटरी नसलेलं कानाचं मशीन

आधीच सांगते, या ग्रुपवर मी तीन वर्षं फक्त वाचायला आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसले आहे. चकवा, हडळ, अमावस्येला बंद पडलेली गाडी... आमच्या घरात यातलं काहीच चालत नाही. आम्ही बौद्ध. आत्माच मानत नाही, तर तो भटकणार कुठून? सासूबाई गेल्या तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "दहा दिवस दिवा ठेवा हो, त्यांना वाट दिसायला." त्यावर आमचे हे म्हणाले, "लाइट बिल भरलंय काकू, दिसेल त्यांना." स्वतःच्या आईच्या वेळी! असे होते हे.

मी राहते थेरगावला, डांगे चौकाच्या मागे. वय बावन्न. निघोज्याजवळ एका कंपनीत स्टोअर्स बघते. कुठली वस्तू आत आली, कुठली बाहेर गेली, हेच दिवसभराचं काम. घरीही फ्रिजवर याद्या असतात. माझी मुलगी स्नेहल म्हणते की मम्मी झोपेतही टिक करते. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहिते. मीठमसाला लावत नाही.

हे भोसरीत प्रेस शॉपला होते, सव्वीस वर्षं. दिवसभर धाडधाड. कानात घालायला बोळे मिळायचे, पण जुने ऑपरेटर ते काढून ठेवायचे – प्रेसचा आवाज जरा बदलला की आतला साचा, म्हणजे डाय, बिघडतोय हे त्यांना कानानं कळायचं. यांना त्याचा मोठा अभिमान. "मीटर लागत नाही मला, नुसता ऐकून सांगतो." पन्नाशीच्या आत दोन्ही कान गेले.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाबरोबर ज्यांनी संसार केलाय त्यांना कळेल. पहिल्यांदा आपण पूर्ण वाक्य बोलतो. ते म्हणतात, "काय?" मग आपण अर्धं बोलतो. पुन्हा "काय?" झालं की आपण म्हणतो, "काही नाही, जाऊ द्या." दिवसातून दहा वेळा. यात प्रेम कमी असतं असं नाही, पण गॅसवर भाजी असते, बस चुकत असते...

चार वर्षांपूर्वी डाव्या कानाला मशीन घेतलं. कानामागे बसणारं, कातडीच्या रंगाचं. ते कानात नीट बसलं नाही की शिट्टी वाजायची – बारीक, कुंईईई अशी. त्यांना स्वतःला ती ऐकू यायची नाही. मग मी नाहीतर स्नेहल घरात असू तिथून ओरडायचो, "पप्पा, मशीन वाजतंय!" ते अंगठ्यानं दाबायचे, शेवटी छोटंसं 'कुक' व्हायचं आणि शांत. म्हणजे बसलं.

मशीन आल्यावर माणूस लहान मुलासारखा झाला. कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. एकदा मला म्हणाले, "अगं, तू चालताना तुझ्या चपला एवढ्या वाजतात? एवढी वर्षं मला वाटायचं, तू गुपचूप येऊन मागे उभी राहतेस."

मशीनच्या आधी आम्ही एकदा कोकणात गेलो होतो. समुद्राकडे बघून म्हणाले होते, "टीव्ही म्यूट केल्यासारखा दिसतोय." आता त्यांना तो समुद्र आवाजासकट हवा होता. पण गर्दी नको, स्पीकर नको. मशीन सगळेच आवाज मोठे करतं ना. स्नेहलनं मोबाइलवर शोधून दाखवलं – अंदमान, तिथलं राष्ट्रीय उद्यान, त्यातलं एक निर्मनुष्य बेट. दिवसभरासाठी बोट सोडतात, मुक्कामाला परवानगी नाही.

"हेच," ते म्हणाले. "स्टोअर मॅडम, सुट्टी टाका."

मी म्हटलं मार्चएंडला स्टॉक टेकिंग आहे. मग पावसाळा. मग दिवाळीत विमानं महाग. कारणांचीही यादी असते माझ्याकडे.

जानेवारीत त्यांना न्यूमोनिया झाला. आयसीयूत घेताना सिस्टर म्हणाल्या, अंगावरच्या वस्तू घरी न्या, इथे हरवतील. बरोबरच होतं त्यांचं. मी यादी केली: घड्याळ, चष्मा, पाकीट, कानाचं मशीन. चारही वस्तू झिपच्या पाऊचमध्ये घालून घरी कपाटात ठेवल्या. एकही वस्तू हरवली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांना जाग आली. मला पाच मिनिटं आत सोडलं. तोंडावर मास्क, डोळे घाबरलेले. मी म्हटलं, "मी बाहेरच बसलेय बाकावर. कुठेही जात नाही." ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग बोट वर करून कानापाशी फिरवलं. मला वाटलं उशी टोचतेय. मी उशी सरळ केली. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं आणि मास्कच्या आतून म्हणाले, "काय?"

सिस्टर म्हणत होत्या, मॅडम, चला. मी म्हटलं, "काही नाही. झोपा."

दुपारी ते गेले. मी बाहेर बाकावरच होते, दहा पावलांवर. पण त्यांना ते माहीत नव्हतं. ते बोट कशासाठी फिरवत होते हे मला दुसऱ्या दिवशी कपाट उघडल्यावर कळलं. पाऊच हातात घेऊन मी खालीच बसले. मी जवळ नाही, असं समजून हा माणूस गेला... हे मी आजवर स्नेहलशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

अकरा महिन्यांनी स्नेहलनं अंदमानची तिकिटं काढली. "मम्मी, स्टॉक टेकिंगला अजून वेळ आहे," एवढंच म्हणाली. बॅग भरताना तिनंच ते मशीन माझ्या पर्समध्ये टाकलं. बॅटरी त्यात नव्हती. ती मी फेब्रुवारीतच काढून टाकली होती. ठेवली की आत पाझरते. आणि या बॅटऱ्या स्टिकर काढला की दहा-बारा दिवसांच्या वर तशाही टिकत नाहीत. बॅटऱ्यांचं उरलेलं पाकीट मी समोरच्या आजोबांना देऊन टाकलं होतं.

बेटाची बोट जिथून सुटते त्या वंडूरच्या जेट्टीवर वनखात्याचा गार्ड सगळ्यांच्या बॅगा तपासत होता. बेटावर प्लॅस्टिक राहू नये म्हणून प्रत्येक वस्तू लिहून घेतात, परत आल्यावर ताडून बघतात. अगदी आमच्या रिटर्नेबल गेट पाससारखं – गेटबाहेर गेलेली वस्तू परत आलीच पाहिजे. मला बरं वाटलं ते बघून. गार्ड साठीला आलेला, चष्मा दोरीनं बांधलेला. मशीन हातात घेऊन म्हणाला, "ये आपका है?"

"मिस्टरांचं... पति का था."

त्यानं नखानं बॅटरीचं झाकण उघडून बघितलं. "सेल अलग से लिखना पड़ता है," म्हणाला, आणि चिठ्ठीवर लिहिलं: कान की मशीन एक, बैटरी नहीं. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. हे मुद्दाम सांगतेय.

तासाभरानं बेटावर पोहोचलो. बोटीतले पंचवीस-तीस जण मोठ्या किनाऱ्यावर उतरले आणि फोटो सुरू झाले. बोटीतून बरोबर आलेल्या त्याच गार्डला स्नेहलनं विचारलं, जरा शांत जागा आहे का? त्यानं खडकांच्या पलीकडे बोट दाखवलं. "पानी उतरा हुआ है, अभी जा सकते हो. उस टेढ़े पेड़ के आगे नहीं जाना. आधे घंटे में बुलाऊँगा."

खडक ओलांडले तर पलीकडे एवढासा किनारा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगएवढा असेल. पांढरी वाळू, मागे घनदाट झाडी, एक आडवं वाढलेलं झाड. माणूस नाही, पाखरू नाही. वारासुद्धा पडलेला. आणि समुद्र... त्याला आवाजच नव्हता. पाणी काठाला येऊन नुसतं टेकत होतं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. एवढ्या लांब आलो, आणि त्यांना ऐकायचं होतं ते इथे नाहीच.

स्नेहल गुडघाभर पाण्यात गेली, माझ्याकडे पाठ करून. मी वाळूत बसले. पर्स झाडाच्या खोडावर ठेवली होती, माझ्यापासून चार-पाच हातांवर.

शिट्टी सुरू झाली तेव्हा मला आधी पक्षी वाटला. मी वर बघितलं. तेवढ्यात पाण्यातून, पाठमोरीच, रोजच्या आवाजात स्नेहल ओरडली –

"पप्पा, मशीन वाजतंय!"

आणि मग ती थांबली. सावकाश वळली. तिचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. तिच्या तोंडून ते आपोआप निघालं होतं, घरात निघायचं तसं.

मी उठून पर्स उघडली. आवाज मोठा झाला. मशीन तळहातावर घेतलं – कुंईईई... कानात ठणकेल असा. झाकण उघडलं. आत रिकामं. ज्यांनी असं मशीन वापरलंय त्यांना ठाऊक असेल, झाकण उघडलं की चालू मशीनही बंद पडतं. हे उघड्या झाकणानं वाजत होतं. स्नेहल धावत आली, तिनंही आत बोट घालून बघितलं. "मम्मी, नाहीये गं बॅटरी," म्हणाली आणि माझा दंड घट्ट धरला.

मला भीती वाटली नाही. खरंच नाही. मी एवढाच विचार करत होते की हे कुणीतरी दाबायला हवं.

मग ते थांबलं. एकदम नाही. आधी बारीक झालं, मग शेवटी छोटंसं 'कुक'.

बसलं.

तो आवाज मी तीन वर्षं रोज सकाळी ऐकलाय. तो कधी येतो हे मला कुणी शिकवायला नको. मी मशीन तोंडाजवळ धरलं आणि बोलले. मोठ्यानं, तुटक तुटक, त्यांच्याशी बोलायचे तसं. म्हटलं, "अहो, मी बाहेरच होते. दाराबाहेर, बाकावर. शेवटपर्यंत तिथेच होते. तुमचं मशीन मी घरी ठेवलं, हरवू नये म्हणून. मला कळलं नाही तुम्ही काय मागताय." आणखीही बोलले, ते इथे लिहीत नाही. स्नेहल शेजारी उभी राहून रडत होती. बोलून झाल्यावर मी थांबले, ते काहीतरी म्हणतील या सवयीनं. कुणी "काय?" म्हटलं नाही. पाणी तसंच काठाला टेकत होतं.

खडकांवरून गार्डची हाक आली. आम्ही डोळे पुसून निघालो. जवळ गेल्यावर तो जरा रागानंच म्हणाला, "मैडम, सीटी कौन बजा रहा था? यहाँ मना है. पंछी उड़ जाते हैं."

म्हणजे त्यानंही ऐकली. मी म्हटलं, "सॉरी भैया."

परतल्यावर मी चिंचवडच्या मशीनवाल्या डॉक्टरांकडे गेले. काही न सांगता म्हटलं, चालतंय का बघा. त्यांनी नवी बॅटरी घालून बघितली, भिंगाखाली धरलं. म्हणाले, "आतली पट्टी पूर्ण गंजलीय, आणि गंज बराच जुना दिसतो. हे वाजणार नाही ताई." मी विचारलं, बॅटरी नसताना शिट्टी येऊ शकते का? ते हसले. "शक्यच नाही. का हो?"

मी म्हटलं, सहज.

तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर असतील, त्यांनी जरूर सांगावं. उष्णता, खारी हवा, काहीही. मी स्वतः पुष्कळ विचार केला, मला काही सापडलेलं नाही. आत्मा मी आजही मानत नाही.

विमानातून येताना स्नेहलनं विचारलं होतं, "मम्मी, पप्पांना ऐकू गेलं असेल ना गं?"

तिला 'हो' हवं होतं. मलाही हवं होतं. पण मी जे बघितलं तेवढंच मला सांगता येतं. मशीन वाजलं आणि मशीन बसलं. पुढचं मला माहीत नाही. मी तिला तसंच सांगितलं – "माहीत नाही बाळा." तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पुण्यात उतरेपर्यंत तसंच राहू दिलं.