इलोइलोच्या बाईचा रविवार

मोलकरणींना आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून आम्ही चार-पाच विद्यार्थी सिंगापुरात पत्रकं काढायचो. फिलिपिनो बायकांसाठी मजकूर टागालोगमध्ये, म्हणजे मनिलाकडच्या भाषेत. त्या सगळ्यांची भाषा एकच, असं आम्हीच ठरवून टाकलेलं. विचारायला कोण जातंय?

रविवारी पाया लेबारजवळच्या हिरवळीवर त्यांना मसुदा वाचून दाखवायचा. एकदा मनिलापासून लांबच्या इलोइलो शहराच्या बाईनं आपल्या भाषेतला 'लिबोग' शब्द सुचवला. करार वाचून डोकं चक्रावलं असेल तर आमच्याकडे ये, असं तिला म्हणायचं होतं. मनिलाच्या बाईनं तोंडावर हातच ठेवला. टागालोगमध्ये लिबोग म्हणजे कामवासना. सेबू बेटावरची बाई इलोइलोवालीच्या मदतीला धावली: हिची हिलिगायनोन भाषा घ्या, माझी सेबुआनो घ्या, लिबोग म्हणजे गोंधळच; घाण आहे ती मनिलावाल्यांच्या डोक्यात. तिघी हसून लोळल्या. शब्द काढून टाकला.

इलोइलोची बाई चोआ चू कांगला एका मराठी काकूंकडे राहून काम करायची. चर्चला जाते असं सांगून ती आमच्यात यायची, आणि हे मला ठाऊक होतं. काकू बँकेत अकाउंटंट. मला घरचं जेवण मिळायचं ते त्यांच्याकडेच. पुढच्या शनिवारी दुपारी थालीपीठ खाता खाता मी तो किस्सा रंगवून सांगितला. वर म्हणाले, "काकू, तुमच्याच बाईचा शब्द हा."

काकूही हसल्या. मग म्हणाल्या, "तुला कुठे भेटली गं ती? रविवारी चर्चला जाते ना?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

पुढचे दोन रविवार ती आली नाही. सेबूच्या बाईकडून कळलं: आता चर्च महिन्यातून एकदाच, तेही काका सोडणार, काकाच आणणार.

तिसऱ्या रविवारी मी भांडायला गेले. कायद्यापासून माणुसकीपर्यंत सगळं ऐकवलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुझी पत्रकं तू वाट, माझं घर मला चालवू दे. आणि बस आता, पानं घेतलीत."

मी बसले. भरली वांगी होती. दोनदा वाढून घेतली.

निघाले तेव्हा इलोइलोची बाई कचऱ्याची पिशवी घेऊन लिफ्टपर्यंत आली. मी इंग्रजीत माफी मागू लागले. माफी कसली, भाषणच. आपण लढू वगैरे. तिनं ते पुरं होऊ दिलं नाही.

"मॅम, रविवारी जेवायला येऊ नका. पाहुणे आले की मला दुपारीसुद्धा आडवं होता येत नाही."