आईने तिचं ऐकलं

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिलाच. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही. आई मात्र अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या संडासात टाकून वर पाणी ओतायची. कचऱ्यात टाकल्या तर कुणाचं तरी पोर खाईल, ही तिची काळजी. मी कितीदा बजावलं, पण ती ऐकेना.

गेल्या रविवारी माझी सहकारी राजाजीनगरला आमच्याकडे जेवायला आली. पुण्याची, डॉक्टर बापाची मुलगी. आईने तिलाच विचारलं, "तुमच्या टाक्यांत सगळं शुद्ध होतं ना?"

"नाही ना, काकू. टाकीतले जंतू घाण खातात, पण औषध बरंचसं तसंच पुढे जातं. पाण्यात ओझोन वायू सोडून ते मोडावं लागतं, उरलेलं कोळशाच्या थरात अडकवावं लागतं. ही सोय सगळीकडे नसते. तसं पाणी तलावात गेलं की तिथले जंतू औषधाला सरावतात. उद्या आपल्यालाच गोळी लागू पडणार नाही."

"सरी," आई नेहमीसारखं कानडी मिसळत म्हणाली, "बरं, आजपासून बंद."

माझा घास तोंडातच राहिला. "मी कधीपासून हेच सांगतोय."

"तू सांगत नाहीस रे, ओरडतोस."

सहकारी हसली. ते हसणंही मला सोसवेना. आईने कपाटातून गोळ्यांचं पाकीट आणून तिच्याकडे दिलं. "तूच नीट जागी पोचव, बाळा."

"मी पोचवतो," म्हणत मी हात पुढे केला.

आईने त्या हातात ताकाचा तांब्या दिला. "तिला वाढ स्वल्प."