दारणेकाठचा रिजेक्ट माल

"आढाव, असली खापरं आणखी किती निघाली होती?"

देशमुख मॅडमच्या हातात माझ्या टोपलीतले तीन तुकडे होते. तिन्ही बिघडलेले. एक वाकडा, एक फुगून फोड आलेला, तिसरा जळून काळानिळा पडलेला. मी उठून उभा राहिलो. मॅडम माझ्या गाइड. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान आहेत, पण त्यांच्या प्रश्नाला मी बसून उत्तर देत नाही.

"बरीच निघाली, मॅडम. पंधरा-वीस पिशव्या असतील."

"कुठे आहेत?"

"रिजेक्ट केली."

"म्हणजे?"

"म्हणजे ट्रेंचमध्ये. काल बुजवली ना, त्यातच टाकली."

मॅडमनी ते तुकडे टोपलीत ठेवले. अगदी हळू. कारखान्यात जन्म घालवल्यामुळे मला एवढं कळतं, की साहेब ओरडतो तेव्हा चूक किरकोळ असते. साहेब गप्प होतो तेव्हा अख्खी बॅच गेलेली असते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. समोर आलेला पार्ट मोजायचा, ठीक असेल तर पुढे सोडायचा, नसेल तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा. टॅगवर तारीख, लॉट आणि डिफेक्ट. तेहतीस वर्षं हेच केलं. रिटायर झाल्यावर आर्किऑलॉजीच्या एम.ए.ला ॲडमिशन घेतली. बायको म्हणाली, "इतकी वर्षं नवा माल तपासलात, आता जुना तपासा." वर्गातली पोरं मला काका म्हणत आणि नोट्स मात्र माझ्याच मागत.

दुसऱ्या वर्षाला प्रत्यक्ष उत्खननावर काम करावं लागतं. आमची साइट नाशिकहून तासाभराच्या अंतरावर होती, दारणेच्या काठी, दशरथ तात्यांच्या शेतात. शेताच्या कडेला पांढरट मातीचा उंचवटा. गावाकडे असल्या जागेला पांढरी म्हणतात. माणसं पिढ्यान्पिढ्या एकाच ठिकाणी राहिली, घरं पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, राखमाती साचत गेली, की पांढरी होते. तात्यांच्या पांढरीखाली तीन हजार वर्षांपूर्वीचं खेडं होतं. त्या लोकांच्या संस्कृतीला आम्ही जोर्वे म्हणतो. त्यांची भांडी लाल, त्यावर काळ्या रेघा, आणि टिचकी मारली की आवाज असा खणखणीत, की वाटावं धातूच आहे.

माझे गुडघे ट्रेंचमध्ये उतरण्याच्या लायकीचे नाहीत. म्हणून मला पॉटरी यार्ड दिलं. यार्ड म्हणजे बाभळीखाली ताडपत्री. खापरं तिथं धुवायची, वाळवायची आणि निवडायची. काठ, बूड, तोटी किंवा नक्षी असलेला तुकडा ठेवायचा, कारण त्यावरून भांड्याचा आकार समजतो. नुसत्या पोटाचे साधे तुकडे मोजायचे, वजन करायचे, रजिस्टरला लिहायचे आणि ट्रेंच बुजवताना परत आत टाकायचे. सगळी खापरं सांभाळायला जागा कुणाकडेच नसते. हे असं दोन ढिगांचं काम.

मी तीन ढीग केले. तिसरा कुणी सांगितला नव्हता. माझ्या हातांनीच केला. वाकडं आलं की बाजूला. फोड दिसले की बाजूला. जास्त भाजलं गेलेलं बाजूला. त्यांना लाल टॅगही लावले, कारण टॅगशिवाय स्क्रॅप हलवणं माझ्या रक्तात नाही. आणि शेवटच्या दिवशी साध्या तुकड्यांबरोबर त्या पिशव्याही ट्रेंचमध्ये सोडल्या.

"तुमच्या डिझर्टेशनचा प्रश्न काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ही भांडी याच गावात घडवली जात, की बाहेरून आणली जात."

"आणि काल रात्री मला पाठवलेल्या चॅप्टरमध्ये तुम्ही काय लिहिलंत?"

"भांडी इथं घडवल्याचा पुरावा मिळत नाही. ती बाहेरून आणली जात असावीत."

"चांगलं भांडं कुठंही जातं, आढाव. लग्नात जातं, बाजारात जातं. भट्टीत बिघडलेलं भांडं डोक्यावर घेऊन कुणी दुसऱ्या गावाला जाईल का? ते जिथं भाजलं, तिथंच पडून राहतं."

शेजारी टॅग लिहीत बसलेली ऋतुजा, माझी वर्गमैत्रीण, हळूच म्हणाली, "काका, वेस्टर. दुसऱ्या सेमला होतं हे."

होतं. भट्टीत बिघडलेल्या भांड्याला वेस्टर म्हणतात, ही व्याख्या लिहून मी मार्क घेतले होते. पण खरा वेस्टर हातात आला तेव्हा मला त्यात फक्त डिफेक्ट दिसला. या लोकांचा कुंभार कुठला, हे शोधायला मी आलो होतो. आणि तो इथला होता याचा जवळपास सगळा पुरावा मी स्वतःच्या हातानं पुरून टाकला होता. लाज वाटली. या वयात इतकी लाज वाटते हे मला माहीत नव्हतं.

मी तात्यांना गाठलं. ते ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडत होते.

"तात्या, एक दिवस थांबता येईल का? ट्रेंच पुन्हा उघडायची आहे."

"कालच तर बुजवली तुमी!"

"माझी चूक झाली."

"रोप उपटून ठेवलंय, काका. उद्या सकाळी बाया येनार हायत लावणीला. कांद्याचं रोप थांबत नाय, सुकून जातं. अन् कांदे निघाले की इथं द्राक्षाची बाग लावायची हाय. मग तर कुणालाच खांदू देनार नाय."

"म्हणूनच आज विचारतोय."

"काय ऱ्हायलंय आत? सोनंबिनं?"

"बिघडलेली खापरं."

तात्यांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करत नाही याची त्यांना खात्री पटायला थोडा वेळ लागला असावा.

"मी नदीच्या अंगानं नांगरीत येतो," ते म्हणाले. "तुमच्या खड्ड्यापाशी यायला सांज व्हईल. तवर निघंल ते तुमचं. पुढं ट्रॅक्टर थांबायचा नाय."

ऋतुजा आणि वर्गातली चार पोरं फावडी घेऊन उतरली. मॅडमही उतरल्या. मी काठावर उभा राहून कोपरे दाखवत होतो, कारण टाकणारा मीच होतो. भुसभुशीत माती पटापट निघाली, पण आधी नुसते साधे तुकडेच येत राहिले. पलीकडे ट्रॅक्टर फेऱ्या मारत जवळ येत होता. जेवायला कुणी वर आलं नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा ऋतुजा ओरडली, "लाल टॅग!"

तिनं मोठ्यानं वाचलं, "थर चार, राखेचा खड्डा. डिफेक्ट, ओव्हल. काका, तीन हजार वर्षांच्या भांड्याला गोल नाही, ओव्हल आहे म्हणून नापास केलंत?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "टॅगवर थर लिहिलाय?" त्यांनी विचारलं. कोणता तुकडा जमिनीतल्या कुठल्या थरातून आला हे माहीत नसेल तर आमच्या धंद्यात तो तुकडा मुका. टॅगवर लॉटच्या जागी मी सवयीनं थर लिहीत गेलो होतो, म्हणून माझे तुकडे बोलते होते. तात्यांचा ट्रॅक्टर शेवटच्या फेरीला आला तेव्हा सतरा पिशव्या वर आल्या होत्या. रजिस्टरप्रमाणे आणखी दोन राहिल्या, त्या राहिल्याच. तात्यांनी इंजिन बंद केलं आणि तेही बघायला आले.

मॅडमनी पिशव्या ताडपत्रीवर थराप्रमाणे मांडायला लावल्या. पाच निरनिराळ्या ठिकाणच्या. उरलेल्या बारा एकाच जागेच्या, थर चारमधल्या राखेच्या खड्ड्यातल्या. ट्रेंचच्या डायरीत आम्ही त्या खड्ड्यापुढे 'कचरा' एवढंच लिहिलं होतं.

मी त्या बारा पिशव्यांसमोर बसलो. गुडघ्यांचं भान राहिलं नाही. भट्टीत एकमेकांना चिकटून बसलेले दोन वाडगे. काठ आत वळलेला लोटा. मग एका वाडग्याचे तीन तुकडे हातात आले. हे मला आठवत होते, कारण ते रिजेक्ट करताना मी अडखळलो होतो. दिसायला सुंदर, रंग चांगला, नक्षी सरळ. व्हर्नियर लावला तर काठ सगळीकडे सारखाच जाड, आणि तो माणसानं नुसत्या बोटांच्या अंदाजानं काढलेला. आमच्या कारखान्यात त्यासाठी मशीन लागायचं, आणि तरीही भांडणं व्हायची. फक्त टिचकी मारली तर आवाज बद्द आला होता. आत कुठं तरी बारीक तडा. डोळ्याला दिसत नाही. मी तो निव्वळ आवाजावर नापास केला होता.

आणि तो राखेच्या खड्ड्यात होता. चिकटलेल्या वाडग्यांबरोबर, वाकड्या लोट्याबरोबर.

म्हणजे भट्टी गार झाल्यावर कुणी तरी हाच वाडगा अख्खा उचलला होता. फिरवून पाहिला. चांगला आहे म्हणून क्षणभर खूश झाला असेल. मग टिचकी मारली, कान दिला आणि त्या बद्द आवाजावर तो बाजूला टाकला. तो कचऱ्याचा खड्डा नव्हता. ती त्याची रिजेक्टची टोपली होती. त्यानं टाकलेलं मी तीन हजार वर्षांनी उचललं, त्याच कारणासाठी पुन्हा टाकलं, आणि आमच्या दोघांच्या निकालात काडीचा फरक नव्हता.

देवळात गेल्यावर लोकांना काय होतं ते मला कधी फारसं झालेलं नाही. त्या ताडपत्रीवर झालं. हात जोडावेत असं वाटलं, पण हातात वाडग्याचे तुकडे होते.

"मॅडम," मी म्हणालो, "हा माणूस माझ्याच डिपार्टमेंटचा होता."

मॅडम शेजारी येऊन मातीतच बसल्या. त्यांनीही टिचकी मारून पाहिली. "माणूस कशावरून?" त्या म्हणाल्या. "बाई असेल."

तात्यांनी तुकडा घेतला, कानाजवळ नेला, वाजवला आणि मान हलवली. "माल खराब हाय," ते म्हणाले. मग बराच वेळ तो परत देईनात.

डिझर्टेशनच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फोटो उलटसुलट पाहिले. "वेस्टर फार शिस्तीत टॅग केलेत. सुरुवातीपासून वेगळे ठेवले होते का?"

"ठेवले नव्हते, सर. फेकले होते."

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं. परीक्षकांनी भट्टी सापडली का, असं विचारलं. नाही सापडली, हेही सांगितलं. त्यांनी पास केलं. डिस्टिंक्शन नाही मिळालं, आणि ते रास्तच झालं. दोन पिशव्या हरवल्या होत्या.

आता मी काहीही टाकायच्या आधी दुसऱ्याला दाखवतो. पोरं वैतागतात. वैतागू देत. त्या चॅप्टरमधलं वाक्य मी परीक्षेआधीच खोडून लिहिलं होतं, 'भांडी याच गावात घडवली जात होती.' नोकरीत मी चांगला माल चुकून नापास केला, तर दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनवाले टेबलापाशी येऊन भांडायचे. इथं माझ्या एका ओळीनं एका गावाचा कुंभार गावातून काढून टाकला होता, आणि त्याच्या वतीनं भांडायला कुणीही येणार नव्हतं.